पाखरांची पारख : सातारा-सांगलीतील गाणाऱ्या पक्ष्यांची रूपावरून ओळख

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला, की शिवारात माळा उभारून गोफणीने पाखरे राखावयाची, ही रीत माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माळ्यावरील राखणदाराच्या लेखी पिकावर उतरणारा प्रत्येक जीव 'पाखरू' असतो. त्यांपैकी कोण दाणे टिपतो, कोण ताटावरची अळी उचलतो आणि कोण केवळ विसाव्याला टेकतो, याचा विचार गोफणीचा दगड करीत नाही. पक्ष्यांची ओळख हा केवळ हौशी निरीक्षकांचा छंद नव्हे. ज्याचे पीक शिवारात उभे आहे, त्याच्याही ती उपयोगाची आहे. ही ओळख पटण्यास फारशी साधने लागत नाहीत. लागते ती क्रमवार पाहण्याची सवय.

गाणारा पक्षी कोणास म्हणावे?

गाणारा पक्षी म्हटले, की प्रथम कोकीळ आठवतो. परंतु शास्त्रीय वर्गीकरणात कोकीळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडत नाही. कर्कश ओरडणारा कावळा मात्र मोडतो! श्वासनलिकेच्या तळाशी असणाऱ्या स्वरयंत्राची रचना व त्याचे स्नायू, तसेच फांदी घट्ट पकडणारी पायांची ठेवण यांवरून हा गट ठरविण्यात आला आहे. कानाला गोड वाटणे ही त्याची कसोटी नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी, चंडोल, कोतवाल हे सारे याच गटातील होत.

या पक्ष्यांचा आवाज कानी पडतो, पण तो कोणाचा हे ठरविण्यासाठी पक्षी डोळ्यांना दिसावा लागतो. आज भ्रमणध्वनीवरील साधने आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवितात. तथापि त्या नावाची खातरजमा शेवटी रूप पाहूनच करावी लागते. शिवाय गाणे बहुधा विणीच्या हंगामापुरते असते. रूप बारमाही दिसते.

पाहण्याचा क्रम

नवखा निरीक्षक प्रथम रंग पाहतो आणि तेथेच फसतो. पानांच्या सावलीत पिवळा रंग हिरवा भासतो, तर उन्हाच्या विरुद्ध बसलेला कोणताही पक्षी काळा दिसतो. म्हणून पहिला प्रश्न आकाराचा असावा. चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २० सेंटिमीटर आणि साळुंकी २३ सेंटिमीटर लांबीची असते. ही तीन परिचित मापे मनात ठेवली, की अनोळखी पक्षी चिमणीहून लहान आहे की बुलबुलाहून मोठा, हे चटकन सांगता येते. डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील आपल्या पुस्तकात आकार सांगण्यासाठी अशीच परिचित पक्ष्यांची परिमाणे वापरली आहेत.

दुसरा प्रश्न चोचीचा. जाड, शंकूसारखी चोच दाणे फोडण्यासाठी असते. ती चिमणी, सुगरण व मुनिया यांना असते. बारीक, सरळ चोच कीटक टिपणाऱ्यांची आणि लांब, बाकदार चोच फुलातील मध शोषणाऱ्या सूर्यपक्ष्याची. चोच पाहिली, की पक्ष्याचा मुख्य आहार निम्माअधिक कळतो.

तिसरा प्रश्न शेपटीचा. ती दुभंगलेली आहे, उभारलेली आहे, पंख्याप्रमाणे पसरलेली आहे, की सतत हलते आहे? यानंतर डोक्यावरील तुरा, डोळ्याभोवतीचे कडे, पंखांवरील पट्टे व शेपटीखालचा रंग पाहावा. सर्वांगाच्या रंगाला या क्रमात शेवटचे स्थान द्यावे.

परसबाग आणि गावकूस

कृष्णाकाठच्या वाई, सातारा, कराड, सांगली या गावांतील परसबागांत सर्वांत परिचित पक्षी म्हणजे लालबुड्या बुलबुल. काळे डोके, त्यावर आखूड तुरा, उडताना दिसणारी पांढरी कंबर आणि शेपटीखाली लाल डाग ही त्याची लक्षणे. त्याचाच भाईबंद शिपाई बुलबुल मात्र डोक्यावर उंच, टोकदार तुरा मिरवितो. त्याच्या गालावर लाल ठिपका असून पोट पांढरे असते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वराकडे जावे, तसतसा हा दुसरा बुलबुल अधिक दिसू लागतो.

दयाळ हा बुलबुलाएवढा काळा-पांढरा पक्षी. नराचे डोके, छाती व पाठ तकतकीत काळी, पोट पांढरे आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. नराच्या काळ्या रंगाच्या जागी मादीला राखी रंग असतो. उन्हाळ्यात भल्या पहाटे घराच्या आढ्यावर किंवा तारेवर बसून गाणारा तो हाच. त्याच्या जवळच्या चिरक पक्ष्याशी त्याची गल्लत होते. चिरक दयाळाहून लहान असतो. नर काळा, खांद्याजवळ पांढरा डाग असलेला, तर मादी मातकट असते. दोघांच्याही शेपटीखाली तांबूस रंग असतो. दयाळाला झाडांची दाटी आवडते. चिरक दगडी बांध, पडक्या भिंती व उघडे माळ यांवर रमतो.

चिमणीहून लहान पक्ष्यांत शिंपी सहज ओळखता येतो : माथा तांबूस, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरे आणि शेपटी ताठ उभारलेली. पाने शिवून तो घरटे करतो. राखी वटवट्याही शेपटी उभारतो. परंतु त्याची पाठ राखी आणि पोट फिकट बदामी असते. चष्मेवाला पिवळसर हिरवा असून त्याच्या डोळ्याभोवतीचे पांढरे कडे हीच त्याची खूण. सुभग पक्ष्याच्या पंखावर दोन पांढरे पट्टे असतात. नराची पाठ विणीच्या दिवसांत काळी होते, मादी हिरवट राहते, पोट मात्र दोघांचेही पिवळे.

सूर्यपक्ष्याच्या बाबतीत नावाचाही घोटाळा आहे. कोणी त्याला शिंजीर म्हणतो, कोणी फुलचुख्या; आणि फुलचुख्या हेच नाव अन्यत्र आखूड चोचीच्या वेगळ्याच पक्ष्याला मिळते. म्हणून नावापेक्षा लक्षणे पक्की करावीत. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या काळात चकाकणारा जांभळा-काळा दिसतो. हंगाम संपला, की तो जवळजवळ मादीसारखा होतो. कंठापासून पोटाकडे जाणारी एक काळी रेघ तेवढी उरते. तीच त्याची ओळख.

घाटमाथ्याची दाट राने

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची खरी संपत्ती म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने बदलणारा निसर्ग. महाबळेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस माणदेशात पोहोचेपर्यंत जेमतेम उरतो. पावसाबरोबर झाडे बदलतात आणि झाडांबरोबर पक्षी. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये घोषित झाली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये या दोन्ही क्षेत्रांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघासाठी राखलेल्या या रानात गाणाऱ्या पक्ष्यांनाही आश्रय मिळाला आहे.

त्यांचा मुकुटमणी शीळकरी कस्तुर. साळुंकीहून किंचित मोठा, निळसर काळा. कपाळावर व खांद्यावर चमकदार निळाई. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी त्याची शीळ ऐकली, की एखादा गुराखी आपल्याच नादात चालला असावा असा भास होतो. महाबळेश्वरच्या झाडीतील दुसरा कस्तुर काळी टोपी घातल्यासारखा दिसतो. त्याचे अंग करड्या रंगाचे आणि चोच नारिंगी असते. तिसऱ्याचे डोके व पोट नारिंगी, पाठ निळसर राखी; त्याच्या पांढऱ्या गालावरील दोन उभ्या काळ्या रेघा पाहिल्या, की शंका उरत नाही.

स्वर्गीय नर्तक नवख्याला हमखास चकवितो. पूर्ण वाढलेला नर दुधासारखा पांढरा, डोके काळे व तुरेदार आणि शेपटीतील दोन पिसे फितीसारखी लांब. मादी तांबूस व आखूड शेपटीची असते. तरुण नरही प्रथम तांबूसच असतो. एकाच जातीची ही तीन रूपे तीन पक्षी म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. राखी वल्गुलीचा पांढरा गाल व पोटावरील उभी काळी पट्टी, नाचणाची पंख्यासारखी शेपटी आणि हळद्याच्या नराचा लखलखीत पिवळा रंग ही त्या मानाने सोपी लक्षणे होत.

साळुंक्यांतही येथे फरक पाहावयास मिळतो. गावातील साळुंकीच्या डोळ्यामागे पिवळी कातडी असते. घाटावरील जंगली मैनेला ती नसते, मात्र चोचीच्या मुळाशी पिसांचा झुबका असतो. या मैनेच्या येथील उपजातीच्या शास्त्रीय नावात 'मरहट्टेन्सिस', म्हणजे मराठी मुलखातील, हा शब्द आहे. तो देणारे कर्नल विल्यम सायक्स यांना १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमले होते. लोकसंख्या व शेती यांची माहिती गोळा करीत फिरताना त्यांनी पक्ष्यांचीही नोंद केली आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली.

माळरान आणि शेतशिवार

पूर्वेकडील माळावर झाडे विरळ होतात आणि पक्षी मातीच्या रंगाचे होतात. तुरेवाले चंडोल ढेकळांत बसले, की दिसतच नाहीत. सायक्स यांनी वर्णिलेला दख्खनचा चंडोल अधिक तांबूस असतो आणि त्याच्या छातीवरील रेघा थोड्या व बारीक असतात. डोंबारी मात्र चिमणीहून लहान. नराचे डोके राखी व पोट गर्द काळे. हवेत उंच चढून तो खाली सूर मारतो, म्हणून त्याचे हे नाव सार्थ वाटते.

माळ आणि झाडी यांच्या संधीवर सागरेश्वर आहे. कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील या उजाड टेकड्यांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे उभी राहिली आणि १९८५ मध्ये सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. माणसाने लावलेल्या झाडीने पक्ष्यांना निवारा मिळतो, याचे हे जवळचे उदाहरण. पक्षी ओळखू लागलेल्या विद्यार्थ्यांनी माळावरचे व झाडीतले पक्षी एकाच दिवशी ताडून पाहावेत, अशी ही जागा आहे.

मित्र कोण, उपद्रवी कोण?

आता पुन्हा राखणदाराच्या माळ्याकडे वळू. ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्यांत सुगरण, मुनिया व चिमण्या असतात. त्यांच्या जाड चोची पाहताच हेतू कळतो. हिवाळ्यात दूरच्या मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्यांचे थवे दाण्यावर तुटून पडतात. गुलाबी अंग, काळे डोके व काळे पंख ही प्रौढ भोरडीची खूण. पिल्ले मळकट असतात. परंतु हीच भोरडी टोळ व नाकतोडेही फस्त करते आणि सुगरण व चिमणी पिल्लांना अळ्या-किडे भरवितात, हे विसरून चालणार नाही.

याच शेतात तारेवर किंवा गुरांच्या पाठीवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी म्हणजे कोतवाल. तो दाण्याला शिवत नाही. उडते कीटक व अळ्या हे त्याचे भक्ष्य. हरभऱ्यातील घाटे अळीच्या बंदोबस्तासाठी शेतात काठ्यांचे पक्षीथांबे उभारण्याची शिफारस केली जाते, ती अशाच पक्ष्यांसाठी. काळा म्हणून त्याला कावळ्याबरोबर हाकलणे हे आपल्याच राखणदाराला हाकलण्यासारखे होय. मळकट राखी, फिकट डोळ्यांचे सातभाईही बांधाखालचा पालापाचोळा उलथून किडे टिपीत असतात.

तासगाव भागातील द्राक्षबागांत फळ पिकू लागले, की बुलबुल व साळुंकी उपद्रव देतात. त्यासाठी जाळी लावणे योग्य. मात्र ती ताणून लावावी व दररोज पाहावी, म्हणजे वेलींवरील किडे खाणारे शिंपी व वटवटे त्यात अडकून मरणार नाहीत.

मुनिया किंवा अन्य वन्य पक्षी पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याने पक्षी वाचत नाहीत. शाळकरी मुलाच्या हातातील गलोल खाली येते, ती समोरच्या जिवाचे नाव त्याला ठाऊक झाल्यावर. एक वही, एक पेन्सिल आणि पहाटेचा अर्धा तास एवढी गुंतवणूक पुरेशी आहे. आकार, चोच, शेपटी, खुणा व रंग या क्रमाने रोज एका पक्ष्याची नोंद ठेवली, तर एका वर्षात गावाची स्वतःची पक्षीसूची तयार होईल. मग राखणदाराच्या तोंडी केवळ 'पाखरे' हा शब्द राहणार नाही. गोफण फिरविण्यापूर्वी तो क्षणभर थांबून पाहील, आणि कोतवालाला त्याच्या थांब्यावर बसू देईल.