अस्वलावरचा दावा, वाघाची भरपाई

सॉल्ट लेक सिटी, युटा

अमेरिकेत ज्याला त्याला सरकारवर दावा लावता येतो आणि घसघशीत भरपाई पदरात पाडून घेता येते, अशी जी समजूत चंद्रपूर-गडचिरोलीकडील माझ्या सुशिक्षित स्नेह्यांच्या पत्रांतून वारंवार डोकावते, ती आधी दूर केली पाहिजे. राजसत्ता झुगारून जन्मलेल्या या राष्ट्राने राजाचे अभय मात्र जतन केले. १७९३ साली एका परराज्यातील धनकोचा जॉर्जिया राज्यावरील दावा सर्वोच्च न्यायालयाने चालू दिला, तेव्हा राज्ये इतकी बिथरली की दोनच वर्षांत राज्यघटनेत अकरावी दुरुस्ती झाली आणि असल्या दाव्यांना संघराज्याच्या न्यायालयांची दारे बंद झाली. संघसरकारच्या नोकरांच्या हलगर्जीपणाबद्दल सामान्य माणसाला दिवाणी दाद मागण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली ती १९४६ साली, आणि तीही अपवादांनी वेढलेली.

हा विषय मला नीट उमगला तो एका अस्वलामुळे. २००७ च्या जूनमध्ये येथून जवळच्या अमेरिकन फोर्क दरीत, तंबूत आई आणि सावत्र वडिलांजवळ झोपलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला काळ्या अस्वलाने रात्री ओढून नेऊन ठार केले. त्याच दिवशी पहाटे त्याच ठिकाणी दुसऱ्या प्रवाशांच्या तंबूवर अस्वलाने हल्ला केला होता. अधिकाऱ्यांना त्याची खबर होती, शोधही घेतला गेला होता. पण जागा बंद केली नव्हती आणि इशाऱ्याची पाटीही लावली नव्हती. संघसरकारच्या वनखात्यावरील दाव्यात २०११ साली न्यायाधीशांनी खात्याकडे ६५ टक्के दोष धरून सुमारे १९.५ लाख डॉलर देवविले. युटा राज्याचा बचाव निराळा होता: सरकारी जमिनीवरील नैसर्गिक स्थितीबद्दल कायद्याने आम्हांस अभय आहे, आणि अस्वल ही नैसर्गिक स्थितीच होय. २०१३ साली, म्हणजे मूल गेल्यानंतर सहा वर्षांनी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला.

माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना मी सांगितले की आमच्याकडे वाघाने माणूस मारला तर, कोणाचाही दोष सिद्ध न करता, महाराष्ट्र सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. त्या थक्क झाल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे वनखाते आपली चूक कबूल करते?" या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देताना मला जे वाटले, त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

२०२५ च्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा प्रसंगी पुढे काय होते ते आपल्या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पंचनामा होतो, पावलांचे ठसे पाहिले जातात, शवविच्छेदन होते, वारसांची कागदपत्रे गोळा होतात आणि शासननिर्णयाप्रमाणे रक्कम मिळते. ही व्यवस्था दयाळू आहे आणि गरिबाला सहा वर्षे तिष्ठत ठेवणाऱ्या इथल्या पद्धतीपेक्षा माणुसकीची आहे, हे मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगतो. परंतु जंगलाच्या त्या भागात वाघीण फिरते हे कोणाला कळले होते, केव्हा कळले, आणि पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायांना कोणी का अडवले नाही, याची उघड न्यायालयात उलटतपासणी व्हावी, असा दिवाणी हक्क त्या रकमेबरोबर मिळत नाही. अस्वलाच्या दाव्यात ती झाली.

आपल्या राज्यघटनेचा तीनशेवा अनुच्छेद सरकारवरील दाव्यांची मर्यादा शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या दायित्वावर नेऊन टेकवतो. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीजवळ लोखंडी सामान वाहणाऱ्या सरकारी मजुरांमुळे घोडा जखमी झाला, त्या खटल्यात १८६१ साली कंपनीची सार्वभौम कामे आणि व्यापारी कामे असा भेद केला गेला. घोड्याच्या मालकाला भरपाई मिळाली, पण तो भेद आपल्या मानगुटीवर बसला. मेरठच्या पोलिसांनी १९४७ साली अमृतसरच्या एका सराफाचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त करून मालखान्यात ठेवले, हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला; आणि जप्ती हे सार्वभौम कृत्य म्हणून १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सराफाला रिक्तहस्ते परत पाठवले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर आपल्याच महाराष्ट्राचे. ही स्थिती असमाधानकारक आहे, विधिमंडळाने कायदा करावा, असे त्यांनी त्यातच स्पष्ट लिहिले. विधी आयोगाने तर आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ साली, तशी शिफारस केली होती. त्यासाठीचे १९६७ चे विधेयक लोकसभेत विरून गेले. १९८३ पासून सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांच्या वाटेने भरपाई देण्यास आरंभ केला हे खरे, पण त्या वाटेने जाण्यासाठी सिंदेवाहीच्या मजुराने नागपूरचे खंडपीठ गाठायचे कशाच्या बळावर?

दिवाणी अपकृत्ये हा विषय सामायिक सूचीत आहे, म्हणजे असा कायदा करण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंतच्या वाचकांनी आपापल्या आमदाराला लेखी विचारावे, की असे विधेयक तुम्ही मांडणार आहात काय. आणि उत्तर येईल ते या वृत्तपत्राच्या संपादकांकडे धाडावे.