उत्तर येत होतं, पण वेळ संपली! प्रश्नमंजुषेत आपली मुलं नेमकी कुठे अडतात?

मागच्या हिवाळ्यात तालुक्याला शाळा-शाळांची प्रश्नमंजुषा होती. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आठवीच्या तीन मुली घेऊन गेले. पडद्यावर प्रश्न यायचा, खाली चार पर्याय आणि कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. प्रत्येक प्रश्नाला 20 सेकंद. प्रश्न मराठीतून.

एक प्रश्न आला, "सूर्यमालेतील सर्वांत मोठा ग्रह कोणता?" पर्याय होते मंगळ, गुरू, शनी आणि शुक्र. मी मनात म्हटलं, चला, हा तर आपलाच. कारण आमच्या गटातल्या एका मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती ग्रह घडाघडा म्हणते. पण ती पडद्याकडे नुसती बघत राहिली. घड्याळ शून्यावर आलं आणि प्रश्न गेला.

बाहेर आल्यावर ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "टीचर, गुरू तो उस्ताद को बोलते ना? मुश्तरी कहाँ था उसमें?"

आधी मला हसू आलं. मग मात्र परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात फिरत राहिलं. तिला उत्तर येत होतं. उतारिद, जोहरा, मिर्रीख, मुश्तरी, जुहल सगळं पाठ होतं. नव्हतं ते एवढंच, की मुश्तरीला मराठीत गुरू म्हणतात. ज्ञान होतं, त्याचं मराठी नाव नव्हतं. आणि नाव शोधायला घड्याळ थांबत नाही.

एका बक्षिसाची गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. पण हाच खेळ पुढे शिष्यवृत्ती परीक्षा, पोलीस भरती, एमपीएससी या नावांनी मुलांसमोर येतो. तिथे ट्रॉफी नाही, नोकरी असते. म्हणून हा खेळ कसा चालतो ते पालकांनी एकदा नीट समजून घ्यावं, असं मला वाटतं.

हा प्रकार आला कुठून?

एक प्रश्न आणि तयार पर्यायांपैकी एकावर खूण, ही पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने 1915 च्या सुमारास वाचनाची अशी एक चाचणी तयार केली. त्यामागचा विचार साधा होता. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर गुण वेगळे पडतात, आणि तपासायला वेळही फार लागतो. पर्यायावर खूण करायची असेल तर कोणीही तपासो, गुण तेच. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 पासून, अमेरिकेच्या सैन्याने भरती झालेल्या लाखो जवानांची अशीच वेळ लावून चाचणी घेतली. तिथून ही पद्धत जगभर गेली.

आपल्याकडे प्रश्नमंजुषेची गोडी लावली ती रेडिओने. 1972 मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. तिचे सूत्रधार हमीद सयानी. त्यांच्यानंतर ती त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी चालवली. 'बिनाका गीतमाला'वाले तेच. या दोघांची आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ शिक्षणाचं काम करत. त्यांचं 'रहबर' हे पत्र उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं. भाषा सोपी हिंदुस्तानी, लिपी ज्याला वाचता येईल ती. जे आपल्याला येतं ते एकाच लिपीत कोंडून ठेवू नये, हे त्या घराला तेव्हाच कळलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

टीव्हीवर 1985 मध्ये सिद्धार्थ बासू यांचा 'क्विझ टाइम' आला. मग 3 जुलै 2000 ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि चार पर्याय घराघरांत पोहोचले. त्यावर्षी पहिला कोटी जिंकला तो मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायचं काम करत होत्या. मी ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगते. सामान्य ज्ञान कोणाच्या घरची मिरासदारी नाही.

घड्याळाचा हिशेब

आता आकडे बघा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरमध्ये 75 प्रश्न आणि 90 मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. यूपीएससी आणि एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला 100 प्रश्न, 2 तास. तिथेही 72 सेकंदच. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्न आणि 90 मिनिटे, म्हणजे 54 सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, पर्याय वाचायचे, विचार करायचा आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा.

पण सगळ्या प्रश्नांना सारखा वेळ द्यायचा नसतो. कळसूबाईची उंची विचारली तर 1646 मीटर हे येतं किंवा येत नाही. त्याला 15 सेकंद पुरेत. महाराष्ट्रात जिल्हे किती? 36. संपलं. असे पाच-सहा प्रश्न झटपट सुटले की गणिताच्या एका प्रश्नाला तीन-चार मिनिटं मिळतात. आपली मुलं उलटं करतात. अवघड प्रश्नाला चिकटून बसतात आणि शेवटचे वीस सोपे प्रश्न न वाचताच राहून जातात. घरी त्यांना हे सांगत राहा की प्रश्न सोडून पुढे जाणं ही हार नाही. फक्त गोलांचा क्रम चुकणार नाही, हे बघायचं.

चुकीचे तीन पर्याय उगाच नसतात

पेपर काढणाऱ्याची खरी मेहनत बरोबर उत्तरात नसते, चुकीच्या उत्तरांत असते. घाईत मूल कुठे फसेल, हे ओळखून तो पर्याय लिहितो.

एक उदाहरण देते. "राष्ट्रीय शिक्षण दिन कधी साजरा केला जातो?" पर्याय आहेत 5 सप्टेंबर, 11 नोव्हेंबर, 14 नोव्हेंबर आणि 28 फेब्रुवारी. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांनी 5 सप्टेंबर लिहिलं. तो शिक्षक दिन. शिक्षण दिन 11 नोव्हेंबरला असतो, देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या जन्मदिवशी. मौलानांच्या नावाचे जलसे आपण करतो, पण आपलीच मुलं हा प्रश्न चुकतात, कारण 'शिक्षण' आणि 'शिक्षक' या एका अक्षराच्या फरकावर डोळा थांबत नाही. बाकीचे दोन पर्यायही बघा. 14 नोव्हेंबर बालदिन, 28 फेब्रुवारी विज्ञान दिन. चारही तारखा शाळेत ऐकलेल्या, म्हणून चारही खऱ्या वाटतात.

दुसरा सापळा 'नाही' या शब्दाचा. "खालीलपैकी कोणता जिल्हा कोकण विभागात नाही?" पर्याय ठाणे, रायगड, सातारा, रत्नागिरी. घाईतलं मूल 'नाही' वाचतच नाही, ठाणे बघतं आणि खूण करून मोकळं होतं. उत्तर सातारा, तो पुणे विभागात येतो. 'नाही', 'चुकीचे', 'अयोग्य' असा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, ही सवय आधीपासून लावावी.

अंदाज मारावा की नाही?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर परीक्षेच्या नियमावर अवलंबून आहे.

जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत गुण कापले जात नाहीत, तरी मुलं प्रश्न कोरे ठेवून येतात.

जिथे गुण कापतात तिथे हिशेब करावा. समजा प्रत्येक प्रश्नाला 1 गुण आहे आणि चुकीला पाव गुण कापतात, जसं एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत असतं. चार प्रश्न अगदी डोळे मिटून सोडवले तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. एक मिळाला, पाऊण गेला, हातात पाव उरला. यूपीएससीत एक तृतीयांश कापतात. तिथे एक मिळाला, एक गेला, हाती शून्य. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे ओळखलं, तर चारपैकी सरासरी दोन बरोबर येतात. तेव्हा पाव कापला तरी दीड गुण उरतो, एक तृतीयांश कापला तरी सव्वापेक्षा थोडा जास्त.

म्हणजे मुलांना काय सांगायचं? बरोबर उत्तर माहीत नसेल तर चुकीची उत्तरं शोधा. दोन कापता आली तर हिंमत करा. एकही कापता येत नसेल आणि गुण कापणारी परीक्षा असेल, तर सोडून पुढे जा. इथे सब्र हासुद्धा गुण मिळवायचा मार्ग आहे.

आपली खरी अडचण

आता पुन्हा माझ्या मुलीच्या मुश्तरीकडे येते. आपली कितीतरी मुलं दहावीपर्यंत उर्दूतून शिकतात. शिष्यवृत्तीचा पेपर उर्दूतून मिळतो, तोवर सगळं ठीक असतं. पुढे पोलीस भरतीचा पेपर मराठीत येतो. एमपीएससी मराठी आणि इंग्रजीत, यूपीएससीची पूर्व परीक्षा हिंदी आणि इंग्रजीत. मुलाच्या डोक्यात खत्ते इस्तिवा आहे, कागदावर विषुववृत्त. डोक्यात जजीरानुमा, कागदावर द्वीपकल्प. डोक्यात जियाई तालीफ, कागदावर प्रकाशसंश्लेषण. मुसल्लस म्हणजे त्रिकोण, आईन म्हणजे संविधान. प्रत्येक शब्दाला मनातल्या मनात उलटवायला दहा-बारा सेकंद गेले, तर 54 सेकंदांत उरतं काय?

मग लोक म्हणतात, उर्दू शाळेत घालूच नका. मला हे पटत नाही. मादरी जबानमध्ये शिकलेलं मूल गोष्ट समजून शिकतं, ते मी रोज बघते. उर्दू सोडणं हा उपाय नाही. उपाय आहे एका शब्दाला दुसरा जोडीदार देणं. मुश्तरी आणि गुरू ही दोन्ही नावं ज्याला येतात, त्याच्याकडे एक शब्द जास्तच आहे. 'रहबर' हेच तर करत होतं.

त्या स्पर्धेनंतर मी वर्गात एक वही सुरू केली. पानावर तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द. शाळेचे दिवस धरले तर वर्षात हजाराच्या आसपास शब्द होतात. खर्च एका वहीचा.

घरी खेळा, पंधरा मिनिटं पुरेत

यासाठी क्लासची फी भरायची गरज नाही. रविवारी रात्री जेवण झालं की सगळ्यांनी दस्तरख्वानवरच बसून राहायचं.

एकाने प्रश्न मराठीत वाचायचा. चार पर्याय सांगायचे. मोबाइलवर 30 सेकंदांचं घड्याळ लावायचं. उत्तर देणाऱ्याने नुसतं 'ब' म्हणायचं नाही, बाकीचे तीन का नाहीत तेही सांगायचं. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले कोणत्या जिल्ह्याचे? रायगड. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा कोणत्या वर्षी मिळाला? 2024. दादीजानला प्रश्न कळला नाही, तर मुलाने तो उर्दूत समजावून सांगायचा. समजावता आला म्हणजे त्याला तो खरंच कळला.

दुसऱ्या आठवड्यात उलटं करा. प्रश्न मुलांना काढायला लावा आणि चुकीचे तीन पर्यायही त्यांनाच लिहू द्या. सापळा स्वतः लावून बघितला की दुसऱ्याने लावलेला लवकर दिसतो. आणि एक विनंती. मुलींनाही प्रश्न विचारा. भांडी घासायला त्यांना आत पाठवून खेळ फक्त मुलांचा होऊ देऊ नका.

मूल चुकलं तर "इतकंही येत नाही?" असं म्हणू नका. एवढंच विचारा, "माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की शब्द कळला नाही?" तिन्हींचा इलाज वेगळा आहे. माहीत नसेल तर पुस्तक, वाचलं नसेल तर सवय, आणि शब्द कळला नसेल तर ती तीन रकान्यांची वही.

माझ्या त्या विद्यार्थिनीने वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ स्वतः लिहिली आहे. मुश्तरी, गुरू, ज्युपिटर. यंदा ती पुन्हा स्पर्धेला येणार आहे.