तेरा ऑक्टोबरच्या अलीकडचे

सोलापूरच्या पूर्व भागात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. करीमनगर, वरंगळकडचे पद्मशाली विणकर निजामाच्या राज्यातून इथे आले ते पोटामागे. इथे गिरण्या होत्या, माग होते. त्या काळीही हद्द होती, पण ती ओलांडणाऱ्या विणकराकडे कोणी रहिवासाचा पुरावा मागितला नाही. तो मागितला गेला त्याच्या पणतवंडांकडे.

महाराष्ट्रात पद्मशाली विशेष मागास प्रवर्गात मोडतात. जातीचा दाखला हवा तर आपले कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. राखीव जागा, शुल्कसवलत, शिष्यवृत्ती हे सारे त्या दाखल्यानंतर.

आता आमच्याकडचा एखादा संसार डोळ्यांपुढे आणा. आजी विड्या वळायची. शाळेची पायरी तिने पाहिली नाही. आजोबा दुसऱ्याच्या मागावर, हजेरीपटावर नाव नाही. खोली भाड्याची, घरपट्टी मालकाच्या नावे. नात बारावीला चांगल्या गुणांनी पास झालेली आणि प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर. आजोबा इथेच जन्मले, इथेच वारले, याला सारी गल्ली साक्षी आहे. पण गल्लीला शिक्का नसतो.

माझी हयात बँकेत कागद तपासण्यात गेली. कागदाचे महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण आमच्या काळी बँकसुद्धा अडलेल्या माणसाला ओळख देणारा एक खातेदार आणायला सांगे, आणि त्या एका सहीवर गरिबाचे खाते उघडत असे.

नियमालाही बाजू आहे. आंध्रात अनुसूचित जमातीत गणला गेलेला, लहानपणी मुंबईत आलेला एक विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० साली, मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात, न्यायालयाने सांगितले की जमातीची यादी त्या त्या राज्यापुरती असते. तिचा लाभ स्थलांतर करणाऱ्याबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही. २०१८ साली घटनापीठानेही हे तत्त्व कायम ठेवले. इथल्या वंचिताच्या ताटातले बाहेरून आलेल्याने उचलू नये, हा विचार मला पटतो. प्रश्न एवढाच, की माणूस ‘बाहेरचा’ किती पिढ्या राहतो?

अमेरिकेने १९९६ साली कायदा करून नव्या ग्रीनकार्डधारकांना अनेक सरकारी साहाय्यांसाठी पाच वर्षे थांबायला लावले. नियम कठोर खरा, पण त्या थांबण्याला शेवट आहे. आपली तारीख जागची हलत नाही. १९६८ च्या जानेवारीत आलेल्या विणकराची नात, सोलापुरात जन्मून आणि मराठी शाळेत शिकूनही, त्या रेषेपलीकडेच उभी.

धान्याच्या बाबतीत मात्र आपण वाट काढली. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०१९ साली सुरू झाली आणि बीडकडचा ऊसतोड कामगार कर्नाटकातल्या रेशन दुकानातही अंगठा टेकवून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो. जातीचा दाखला असा राज्याराज्यांतून फिरवा, असे माझे म्हणणे नाही. मागणे त्याहून लहान आहे. जे कुटुंब खरोखर १९६७ पूर्वीचे आहे, त्याचा पुरावा शोधण्याचा निम्मा भार तरी सरकारने उचलावा.

हे अशक्य नाही. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुनी दप्तरे, मोडीतले कागदसुद्धा, सरकारी यंत्रणेने धुंडाळले. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरे, जुन्या मतदारयाद्या यांतले जे शिल्लक असेल, त्याची नाववार सूची करून वॉर्डावॉर्डांत लावता येईल. ज्या दप्तराची किल्ली सरकारच्या कमरेला आहे, त्यातला कागद विडी वळणाऱ्या आजीने का आणून द्यावा?