बेसिन बसले, पण पाणी जाणार कुठे?

दिवाळी जवळ आली की गावोगावी घराची डागडुजी निघते. भिंत सारवायची, कवेलू फेरायचे, त्यासोबत आता आणखी एक काम असते : न्हाणीबाहेर हात धुवायला बेसिन. नळ दारी आला तसे बेसिनही आले. यात वावगे काही नाही. जेवणाआधी, संडासाहून आल्यावर साबणाने हात धुतले तर हगवणीला बराच आळा बसतो. पण बेसिन बसवताना सारे लक्ष चकचकीत भांड्याकडे असते. खालच्या पाईपाकडे कोणी पाहत नाही.

"एवढ्याशा बेसिनले मिस्त्री कायले?" असे म्हणून पुष्कळ जण स्वतःच हात घालतात. हरकत नाही, पण क्रम पाळावा. जुने बेसिन काढायचे असेल तर आधी अँगल कॉक बंद करावा. तो नसेल तर टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. खाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप सोडवावा. मग भिंतीचे नट ढिले करावे. त्या वेळी बेसिन दुसऱ्याने धरलेच पाहिजे.

नव्या बेसिनची कड जमिनीपासून साधारण ३२ इंचांवर यावी. पक्क्या विटेच्या भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू चांगला धरतो. आपल्याकडे अजून कित्येक घरांच्या भिंती मातीच्या आहेत. मातीत स्क्रू टिकत नाही. पोर लोंबकळले की बेसिन पायावर आलेच समजा. अशा घरी खालून विटांचा ओटा बांधावा किंवा खांबाचे बेसिन घ्यावे. भोकाशी रबरी वॉशर, नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप आणि पाईपाला फुटामागे पाव इंच उतार, एवढे सांभाळले तर गळत नाही. ट्रॅप काही केल्या वगळू नये. त्यात साचून राहणारे पाणीच घाण वास आणि झुरळे अडवते.

खरा प्रश्न यापुढचा आहे. पाईपाचे तोंड कुठे सोडले? बहुतेक ठिकाणी भिंतीमागे, नाहीतर थेट रस्त्यावर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर झाले. प्यायला-रांधायला लागते ते थोडे. बाकीचे सांडपाणी होते. ते घरामागे साचले की क्युलेक्स डास होतो. घाण पाण्यात त्याच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हाच डास हत्तीपायाचा रोग पसरवतो. पूर्व विदर्भात हा रोग जुना आहे. एकदा पाय सुजून जड झाला की तो पूर्ववत होणे कठीण. मग रोवणीच्या चिखलात उभे कसे राहायचे?

उपाय घरच्या घरी आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने शोषखड्डे करून उघड्या नाल्या आणि डास दोन्ही घालवले. रीत सोपी आहे. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. मधोमध वरच्या बाजूला छिद्रे असलेली सिमेंटची टाकी ठेवून भोवती दगड भरावे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे पाणी छिद्रांतून दगडांत जाऊन जमिनीत मुरते. टाकीवर झाकण हवेच. गाळ वेळोवेळी काढावा, नाहीतर खड्डा तुंबतो.

जागा मात्र पाहून घ्यावी. विहीर किंवा हातपंपापासून निदान ३० फूट अंतर ठेवावे. संडासाचे पाणी यात सोडू नये. कन्हार जमिनीत पाणी लवकर मुरत नाही आणि धानाच्या बांधीलगत पावसाळ्यात पाणी वरच असते. तिथे खड्ड्याच्या भरवशावर न राहता पाणी परसबागेतल्या केळी, अळूला फिरवावे.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावे : नळजोडणी देतानाच सांडपाण्याची सोय विचारावी आणि शोषखड्ड्यासाठी कोणत्या योजनेतून मदत मिळते ते ग्रामसभेत सांगावे. घरधन्यानेही मिस्त्रीला बेसिनची किंमत विचारण्याआधी पाणी कुठे जाणार ते विचारावे. आधी खड्डा, मग बेसिन.