लोकसंख्येचे वार्धक्य व निवृत्तिवेतन

एकूण लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण वाढत जाण्याच्या प्रक्रियेस लोकसंख्येचे वार्धक्य म्हणतात. जन्मप्रमाणातील घट व आयुर्मानातील वाढ ही तिची सर्वसाधारण कारणे होत. लहान प्रदेशात मात्र तरुणांचे स्थलांतर अधिक परिणामकारक ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सु. १६ टक्क्यांनी वाढली.

कोकणातील चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत राबले व त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडील म्हातारी माणसे जगली. वृद्धांच्या निर्वाहाची ही खाजगी व्यवस्थाच होती. १९८२ च्या संपानंतर ती खिळखिळी झाली. गावी परतलेल्या कामगारांजवळ फार तर भविष्य निर्वाह निधी व उपदान यांची एकरकमी पुंजी होती. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये आली. तोपर्यंत त्यांची नोकरी संपलेली होती.

मालवण किनाऱ्यावरील मच्छीमारांना मालकच नसल्याने अशा अंशदायी योजना मुळातच लागू होत नाहीत. रापणीत श्रमाप्रमाणे जाळ्याचाही वाटा धरतात. त्यामुळे हातपाय थकलेल्या जाळेधारकास थोडा आधार मिळे. यांत्रिक मासेमारीच्या स्पर्धेत रापणीचे उत्पन्न घटले, तसा तोही क्षीण झाला. २०१५ ची अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयोगटापुरतीच असल्याने त्यावेळच्या वृद्धांना तिचा उपयोग नव्हता.

राहता राहिले करांतून दिले जाणारे साहाय्य. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून दरमहा ७५ रुपयांचे वृद्धापकालीन निवृत्तिवेतन सुरू केले. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. ही रक्कम महागाईशी निगडित नाही. सरकारी सेवकाच्या निवृत्तिवेतनास मात्र महागाईभत्त्याची जोड असते. चालू पिढीच्या करांतून मागील पिढीस वेतन देण्याच्या पद्धतीत कमावत्यांची संख्या घटली की भार वाढतो. परंतु सिंधुदुर्गातील कमावते नाहीसे झालेले नाहीत. ते मुंबईत, पुण्यात वा गोव्यात कर भरतात. त्यामुळे हा भार जिल्ह्याच्या नव्हे, तर राज्याच्या व देशाच्या पायावर मोजणेच युक्त होय. मनिऑर्डर ज्या वाटेने येई, त्याच वाटेने, पण नातेसंबंधावर अवलंबून न राहता, हा पैसा परत येतो.