रसिकतेचे कुंपण

लंडनच्या चेल्सी भागात मे महिन्यात भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला इंग्लंडच्या बागप्रेमींमध्ये फार मोठा मान आहे. १८०४ साली स्थापन झालेली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १९१३ पासून ते तिथे भरवते. राजघराण्यातली माणसे आवर्जून येतात, बागांना सुवर्ण-रौप्य पदके मिळतात, आणि इथे दिसलेली फुले पुढच्या वर्षी नर्सरीत मागितली जातात. या प्रदर्शनाच्या नियमांत एक कलम वर्षानुवर्षे होते. भडक रंगाच्या मूर्ती, पऱ्या आणि बुटके इथे आणायचे नाहीत. बुटके म्हणजे आपल्या हिमगौरीच्या गोष्टीतले, लाल टोकदार टोपीचे आणि पांढऱ्या दाढीचे. इंग्लंडमधल्या असंख्य साध्या घरांपुढे ते हातात कुदळ नाहीतर मासे धरायचा गळ घेऊन उभे असतात. शताब्दी म्हणून २०१३ मध्ये ही बंदी तेवढ्या वर्षापुरती उठवली. नामवंतांनी रंगवलेले बुटके लिलावात विकले आणि तो पैसा शाळांमधल्या बागकामासाठी दिला.

फूटभर उंचीच्या मातीच्या बाहुलीसाठी नियम का करावा लागतो? ती बाहुली नुसती कुरूप असती, तर परीक्षकांनी गुण कापले असते आणि विषय तिथेच संपला असता. हे कलम बाहुलीमुळे आले नाही. ती ज्यांच्या अंगणात असते, त्या माणसांमुळे आले. बागेतल्या सजावटीचा इतिहास वाचताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे. रुचीचे नियम फुलांविषयी बोलतात, पण ते राखतात माणसांमधले अंतर.

या बुटक्याचे मूळ घर उच्चभ्रूच होते. जर्मनीत खाणीत काम करणाऱ्या भूमिगत बुटक्यांच्या लोककथा जुन्या आहेत. एकोणिसाव्या शतकात सर चार्ल्स आयशॅम या इंग्रज सरदाराने जर्मनीतून भाजक्या मातीचे बुटके मागवले आणि नॉर्थॅम्प्टनशरमधल्या लॅम्पोर्ट हॉलच्या आपल्या वाड्यात, हौसेने रचलेल्या दगडी टेकडीवर मांडले. त्यांतला एकच आज उरला आहे. त्याचे नाव लॅम्पी, आणि त्याचा दहा लाख पौंडांचा विमा उतरवल्याचे सांगतात. हेन्लीजवळच्या फ्रायर पार्कमध्ये सर फ्रँक क्रिस्प या धनाढ्य वकिलानेही मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभारून बुटके ठेवले होते. पुढे ती वास्तू बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घेतली आणि १९७० साली स्वतःच्या तबकडीच्या वेष्टनासाठी त्याच बुटक्यांमध्ये बसून फोटो काढून घेतला. सरदार आणि वकील यांच्या बागेत असेपर्यंत बुटका ही 'हौस' होती. मग थुरिंगिया प्रांतातल्या ग्रेफेनरोडा गावी १८७० च्या दशकात कारखाने निघाले, साचे आले, किंमत उतरली. विसाव्या शतकात सिमेंट आणि प्लॅस्टिक आले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सरकारने कामगारांसाठी घरे बांधली. लंडनच्या पूर्वेला बेकनट्रीसारखी अफाट वसाहत उभी राहिली आणि ज्यांच्या आईबापांनी अंगण पाहिले नव्हते, त्यांच्या दाराशी वीतभर जमीन आली. त्या जमिनीत बुटका उभा राहिला, आणि तो हलका ठरला.

'साच्यातून काढलेला माल' हा बुटक्यावरचा नेहमीचा आरोप. हा आरोप करणाऱ्यांनी एलिनॉर कोड या कर्तबगार बाईंची आठवण ठेवावी. १७६९ पासून लंडनच्या लॅम्बेथ भागात त्यांचा कृत्रिम दगडाचा कारखाना होता. देवता, सिंह, कलश, सारे साच्यातून निघे आणि बड्या वाड्यांच्या बागांत जाई. त्याच शतकात जॉन चीअर यांच्या कारखान्यातून शिशाचे मेंढपाळ आणि गवळणी बाहेर पडत, आणि त्या चक्क रंगवलेल्या असत. म्हणजे साच्यातली, रंगवलेली मूर्ती बागेत ठेवणे हा दोष गवंड्याच्या घरासमोर दिसू लागला, तेव्हा दोष ठरला.

याच काळातले आणखी एक खूळ मला अस्वस्थ करते. काही जमीनदार आपल्या बागेत कुटी बांधून त्यात जिवंत बैरागी ठेवत. सरे परगण्यातल्या पेन्सहिल बागेचे मालक चार्ल्स हॅमिल्टन यांनी सात वर्षांच्या करारावर असा माणूस शोधला होता, अशी कथा सांगतात. केस-नखे कापायची नाहीत, कुणाशी बोलायचे नाही, आणि मुदत पुरी केली तर सातशे पौंड. तो तीन आठवड्यांतच गेला म्हणतात. कथेचा तपशील काहीही असो, माणसाला शोभेची वस्तू करणारा प्रकार तेव्हा 'नाजूक भाववृत्ती' म्हणून मिरवला जाई. मातीचा बुटका मात्र असभ्य!

याहून मोठी गोष्ट निसर्गसुंदर म्हणून गाजलेल्या भूदृश्यांची आहे. लॅन्सलॉट ब्राऊन हा अठराव्या शतकातला महान उद्यानरचनाकार. तलाव, लांबवर पसरलेली हिरवळ, झाडांचे विखुरलेले समूह ही त्याची शैली. डॉर्सेटमध्ये त्याने ज्यांच्यासाठी काम केले, त्या लॉर्ड मिल्टन यांना आपल्या वाड्याच्या खिडकीतून मिडल्टन हे गाव दिसत होते. ते त्यांना नको होते. घरांचे भाडेपट्टे संपतील तसतशी घरे पाडत ते गाव हटवले गेले. माणसांना दूर दरीत, एकसारख्या पांढऱ्या जोडघरांत वसवले. ते गाव म्हणजे आजचे मिल्टन ॲबस. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनहॅम कोर्टनीतही १७६० च्या दशकात लॉर्ड हारकोर्ट यांनी बागेसाठी गाव उठवले. आज या जागी जाणारा पर्यटक दृश्याची तारीफ करतो, आणि ते दृश्य खरोखर देखणे आहे. पण ज्या रसिकतेला विस्थापित गाव खुपले नाही, तिला पोस्टमनच्या अंगणातली बाहुली खुपते, तेव्हा त्या रसिकतेचा आदर करणे मला जमत नाही.

फुलांची कथा तर अधिकच बोलकी आहे. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला. काचघरे स्वस्त झाली आणि दक्षिण आफ्रिकेतले जिरेनियम, दक्षिण अमेरिकेतले पिटुनिया, ब्राझीलचे लाल साल्विया अशी थंडी न सोसणारी झाडे हिवाळाभर काचेखाली वाढवून उन्हाळ्यात हजारोंनी वाफ्यांत लावायची पद्धत पडली. लाल, पिवळा, निळा, असे गालिचे वाड्यांसमोर उलगडू लागले. किती रोपे लावली यावरून मालकाची प्रतिष्ठा मोजत. अल्फ्रेड डी रॉथ्सचाइल्ड यांच्या हॉल्टन येथील माळ्याने सांगून ठेवले आहे की साध्या जमीनदाराला दहा हजार, बॅरोनेटला वीस, अर्लला तीस आणि ड्यूकला चाळीस हजार रोपे शोभत. ही रोपे रुजवायची, खुडायची, हंगाम संपला की उपटायची, हे सगळे माळ्यांच्या पाठीवर चालत असे.

मग नगरपालिकांच्या उद्यानांत आणि रेल्वे स्टेशनांवर हेच गालिचे आले. गिरणी कामगार रविवारी ते पाहू लागला, दोन पैशांच्या बियाण्याच्या पुडीतून घरीही लावू लागला. त्याच सुमाराला ती पद्धत 'भडक' ठरली. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० साली रानफुलांच्या मोकळ्या बागेचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि गालिच्यांवर तुटून पडले. रॉबिन्सन स्वतः आयर्लंडमध्ये माळ्याच्या हाताखाली वाढलेले होते, पुढे ग्रेव्हटाय मॅनरचे मालक झाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. दरसाल लाखो रोपे उपटून फेकणे ही नासाडीच होती. उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी तर रंगांच्या छटा चित्रकाराच्या नजरेने जुळवल्या. या दोघांचे ऋण मी मानतो. परंतु त्यांच्या अनुयायांनी त्यातून नवी पायरी बांधली. फिके रंग कुलीन, गडद रंग गावंढळ. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांची सिसिंगहर्स्टची पांढरी बाग १९५० च्या सुमारास बहरली, आणि पांढरे फूल हा सभ्यतेचा दाखला झाला. केशरी झेंडू, लाल साल्विया, डेलिया, ग्लॅडिओलस यांचे नाव घेतले तरी नाके मुरडली जात.

ही कोंडी १९९३ साली एका माणसाने फोडली. ग्रेट डिक्स्टर या बागेचे मालक ख्रिस्तोफर लॉइड हे रग्बी शाळेचे आणि केंब्रिजचे विद्यार्थी, घर वास्तुविशारद एडविन लटियन्स यांनी वाढवून दिलेले. त्यांनी जुनी गुलाबांची बाग उखडून तिथे केळी, डेलिया आणि कर्दळ लावली, जांभळ्याशेजारी केशरी बिनदिक्कत ठेवले. थोडी खळबळ उडाली आणि लवकरच सारे इंग्लंड ते पाहायला लोटले. कर्दळ पुन्हा 'धाडसी' झाली. लॉइड यांची नजर असामान्य होती, यात शंका नाही. पण तीच कर्दळ, त्याच रंगात, बस डेपोसमोरच्या वर्तुळात असती तर तिला धाडसी कुणी म्हटले नसते. सामाजिक मानववंशशास्त्रज्ञ केट फॉक्स यांनी इंग्रजांवरच्या २००४ सालच्या पुस्तकात याचेच भावंड टिपले आहे. सुखवस्तू घरातला बुटका चालतो, फक्त तो गमतीने ठेवला आहे असे मालकाने सांगावे लागते. मनापासून आवडला म्हणून ठेवला, तर तो वर्ग दाखवतो.

अमेरिकेत या भांडणाला हिरवळीची पार्श्वभूमी आहे. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली लिहिले की कापलेली हिरवळ ही खरे तर चरलेल्या कुरणाची नक्कल, पण तिच्यावर गाय सोडली तर काटकसर दिसते, म्हणून गाय वर्ज्य आणि हरीण चालते. सव्वाशे वर्षांनंतरही यात एक शब्द बदलावासा वाटत नाही. १९५७ साली डॉन फेदरस्टोन या शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या तरुणाने मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यासाठी गुलाबी प्लॅस्टिकचा रोहित पक्षी घडवला. एका छापाच्या घरांच्या ओळीत आपले घर ओळखू यावे म्हणून कामगार कुटुंबांनी तो अंगणात रोवला. सुशिक्षितांनी त्याला अभिरुचीहीनतेचे प्रतीकच करून टाकले, अनेक वसाहतींच्या नियमांत अशा शोभेच्या वस्तूंवर बंदी आली. २००९ साली मॅडिसन शहराने त्यालाच शहराचा अधिकृत पक्षी घोषित केले.

आपल्या देशात या विषयावरचे सर्वांत मोठे उत्तर चंदीगडला आहे. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या आखीव शहरात नेक चंद हे बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक, फाळणीत गाव सोडून आलेले. शहरासाठी पाडलेल्या खेड्यांचा मलबा, फुटक्या बांगड्या, फरशांचे तुकडे सायकलवरून नेऊन १९५७ च्या सुमारापासून त्यांनी सरकारी जंगलात गुपचूप मूर्तींचे राज्य वसवले. १९७० च्या दशकात ते उघडकीला आले. नियमाप्रमाणे ते पाडायला हवे होते. लोकांच्या ओढीमुळे वाचले, १९७६ साली खुले झाले, आणि १९८४ साली नेक चंद यांना पद्मश्री मिळाली. मला वाटते, स्वतंत्र भारताच्या उद्यानकलेतली ही सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे, आणि ती कुठल्याही रुचीच्या परीक्षेत बसली नसती.

महाराष्ट्रात इंग्रजी रुची छावण्यांमधून आणि बंगल्यांमधून आली. मुंबईच्या राणीच्या बागेने आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनने हिरवळ, वाफे, फ्लॉक्स आणि पॅन्झी यांची सवय लावली. पुण्यात जानेवारीतले पुष्पप्रदर्शन आजही गर्दीने भरते, आणि भरावे. पण बंगल्याबरोबर एक विभागणीही आली. पुढे हिरवळ आणि क्रोटन, मागे परसात अळू, शेवगा, न्हाणीच्या पाण्यावरची कर्दळ. खायचे, पूजेचे, औषधाचे ते मागे. शोभेचे, म्हणजे पाणी पिणारे आणि काही न देणारे, ते पुढे. व्हेब्लेनची गाय आपल्याकडे अशी परसदारी गेली. परस राहिलेच नाही अशा शहरात आता गॅलरी उरली. चाळीतल्या कठड्यावर तेलाच्या डब्यातली तुळस, रंगाच्या बादलीतली सदाफुली आणि दोरीवर चढवलेली गोकर्ण कुणी तरी रोज तांब्याभर पाणी घालून जगवते. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते, आणि ते पाणी धुण्याभांड्यातून वाचवलेले असते. ही माणसे टॉवरमध्ये राहायला गेली की नियमपत्रक हातात पडते. दर्शनी बाजूला एकाच रंगाच्या कुंड्या ठेवा, डबे चालणार नाहीत, कारण इमारतीची शोभा जाते. त्याच इमारतीच्या पोर्चमध्ये विदेशी पाम असतो आणि त्याला टँकरचे पाणी घातले जाते. गावाकडे नव्या बंगल्यापुढे सिमेंटचे हरीण आणि बगळे दिसले की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. गोव्यात जुन्या घरांच्या फाटकावरचे रंगीत सिंह आणि शिपाई मात्र तेच पाहुणे कौतुकाने टिपतात. दोन्ही सिमेंट-चुन्याचे, दोन्ही घरमालकाच्या अभिमानाचे. फरक फक्त वयाचा आहे.

सगळी सजावट सारखीच चांगली, असे मी म्हणत नाही. पाणी उधळणारी हिरवळ दुष्काळी जिल्ह्यात वाईटच आहे. मातीवर प्लॅस्टिकचे गवत पसरणे वाईट आहे, कारण त्याखाली गांडूळही जगत नाही. बागेच्या नावाखाली वस्ती हटवणे सर्वांत वाईट, आणि आपल्या शहरांत सुशोभीकरणाच्या नावाने ते होते. या गोष्टींवर कठोर बोलावे. त्यात पाणी, माती आणि माणसाचे नुकसान मोजता येते. बगळ्याच्या रंगाने कुणाचे काय गेले?

आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत गॅलरीतले डबे हटवण्याचा विषय आला, तर वाचकांनी एवढे करावे. कुंडी कठड्यावरून पडण्याचा धोका असेल तर ती आत घ्यायला सांगा. पाणी खालच्या मजल्यावर गळत असेल तर ताटली ठेवायला सांगा. ठराव त्याच्या पुढे जात असेल, तर विरोधात हात वर करा आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.