परक्या मुलुखात पहिले पाऊल

परदेशी प्रथमच निघालेल्या माणसाला घरची मंडळी, शेजारी आणि स्नेही हटकून एक प्रश्न विचारतात : ‘तो देश सुरक्षित आहे ना? तिथे काही भीती तर नाही?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो अपुरा आहे. कोणताही देश सर्वांना सारखाच सुरक्षित नसतो आणि सर्वांना सारखाच धोक्याचाही नसतो. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर एक पाहुणा निश्चिंतपणे झोपी जातो, तर दुसरा जीव मुठीत धरून दिवस मोजत असतो. हा फरक पुष्कळदा देशाच्या नावात नसतो. त्या देशाच्या कायद्यापुढे त्या दोघांचे स्थान काय, यात तो असतो.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. हैदराबादचा सुलतान बाजार आज कापडचोपड आणि संसारोपयोगी वस्तूंच्या खरेदीसाठी गजबजलेला असतो. तेथे वावरणाऱ्या गिऱ्हाइकाला ही एके काळी परकी हद्द होती, असे सांगितले तर खरे वाटणार नाही. परंतु १९३३ पर्यंत या वस्तीचे नाव रेसिडेन्सी बाजार असे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जेम्स किर्कपॅट्रिक हा ब्रिटिश रेसिडेंट असताना, मुसी नदीच्या उत्तरेस रेसिडेन्सीची भव्य इमारत उभी राहिली. तिच्यावरूनच त्या परिसराला आजही ‘कोठी’ म्हणतात. तिच्या आश्रयाने वाढलेल्या बाजाराचा कारभार, पोलीस आणि न्यायनिवाडा हे सर्व निजामाकडे नसून रेसिडेंटच्या हाती होते. निजामाच्या मुलखात हाली शिक्का चाले, तर इंग्रजी मुलखात कलदार. चार पावले टाकली की माणूस एका अमलातून दुसऱ्या अमलात जाई, आणि वाटेत डोंगर वा नदी, काहीच आडवे येत नसे.

ही न दिसणारी सीमा किती खरी होती, ते तेथील लोक जाणून होते. निजामी राज्यात सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी काढावी लागे. साहजिकच लोकभाषेसाठी आणि शिक्षणासाठी झटणाऱ्या अनेक मंडळींना रेसिडेन्सीच्या छायेतील वस्ती जवळची वाटली. १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय आणि हैदराबादच्या मराठी मंडळींनी १९०७ साली सुरू केलेली विवेकवर्धिनी शाळा, या दोन्ही संस्था याच परिसराशी निगडित आहेत. पण हीच जागा सदासर्वकाळ निर्धोक होती, असेही नाही. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. पुढे १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि त्याला सुलतान बाजार हे नाव मिळाले. घर तेच, दुकान तेच, शेजारीही तेच. माणूस जागचा हलला नाही, पण त्याच्यावरचा कायदा बदलला.

तात्पर्य, सुरक्षितता ही मातीला चिकटलेली वस्तू नव्हे. म्हणूनच प्रथम प्रवास करणाऱ्याने ‘देश कसा आहे?’ एवढे विचारून थांबू नये. त्याने तीन प्रश्न विचारावेत : तेथे कायदा कोणता चालतो? माझी जबाबदारी कोणावर आहे? आणि माझे कागद कोणाच्या हाती आहेत?

पहिला प्रश्न कायद्याचा. आपल्याकडे जे निरुपद्रवी, ते दुसरीकडे गुन्हा ठरू शकते. दिवाळीचे अनारसे खसखशीवाचून होत नाहीत. परंतु संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया येथे हीच खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. मुलासाठी प्रेमाने बांधून दिलेला फराळाचा डबा त्याला विमानतळावरूनच कोठडीत पोचवू शकतो. खोकल्याच्या वा वेदनाशामक औषधांपैकी काहींनाही तेथे पूर्वपरवानगी लागते. म्हणून औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे आणि त्याविषयी त्या देशाच्या दूतावासाकडे आधी चौकशी करावी. रस्त्याचाही कायदा असतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. आखाती देशांत, अमेरिकेत आणि युरोपातील बहुतेक देशांत ती उजव्या बाजूने जातात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि मोटार मात्र डावीकडून येते. नवख्या प्रवाशाने चोराइतकेच या सवयीलाही भ्यावे.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. पाहुणा म्हणून जाणे निराळे आणि पोटासाठी जाणे निराळे. तेलंगणातील करीमनगर, जगित्याल, निजामाबाद या भागांतून आणि कोकणातील रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतून पिढ्यान्पिढ्या माणसे आखातात जात आली आहेत. त्यांतील अनेकांची फसवणूक परक्या देशात पोचण्यापूर्वी, आपल्याच गावात सुरू होते. दलाल सांगतो, ‘आधी पर्यटकाच्या व्हिसावर जा, नोकरीचा परवाना मागाहून होईल.’ अशा माणसाला तेथे काम करण्याचा अधिकार नसतो. मजुरी थकली तर दाद मागताना तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. यासाठीच भारतात १९८३ चा उत्प्रवासन कायदा झाला. दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी अनुमती घ्यावी लागते. या अनुमतीबरोबर विमाही उतरविला जातो आणि अपघाती मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये मिळण्याची तरतूद त्यात आहे. नोकरी लावून देणारा दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. ही चौकशी केवळ अल्पशिक्षितांनीच करावयाची आहे, असे मात्र कोणी समजू नये. अलीकडे थायलंडमध्ये संगणकावरील कामाची नोकरी म्हणून सुशिक्षित तरुणांना नेण्यात आले आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डी भागात डांबून त्यांच्याकडून लोकांना लुबाडण्याचे काम करवून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक जणांना विमानाने परत आणले. थायलंड हा देश लक्षावधी पर्यटकांना सुखरूप वाटतो. त्याच वाटेने गेलेल्या या तरुणांना मात्र नरक दिसला.

तिसरा प्रश्न कागदांचा. पारपत्र हे भारत सरकारच्या मालकीचे असते, असे १९६७ चा पारपत्र कायदा सांगतो. ते मालकाने, दलालाने वा घरमालकाने ताब्यात ठेवण्याची वस्तू नव्हे. पारपत्र, व्हिसा आणि नोकरीचा करार यांची एक प्रत घरी आणि एक स्वतःजवळ निराळी ठेवावी. करार न समजणाऱ्या भाषेत असेल, तर समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.

एवढे करूनही संकट आलेच, तर परका मनुष्य अगदीच निराधार नसतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला विनाविलंब सांगणे हे तेथील अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केला, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दिला. परंतु हक्क ठाऊक नसेल तर तो मागता येत नाही. म्हणून भारतीय वकिलातीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात असावा. भ्रमणध्वनी हरवतो, बंद पडतो, काढूनही घेतला जातो. तेथील पोलिसांचा क्रमांकही पाठ असावा. युरोपीय संघातील देशांत तो आपल्यासारखाच ११२ आहे, तर अमेरिकेत ९११.

इतकी सावधगिरी म्हणजे भित्रेपणा नव्हे. सावध माणसालाच परका देश मोकळ्या मनाने पाहता येतो, तेथील माणसांवर विश्वास टाकता येतो आणि त्यांच्या चांगुलपणाचा लाभही घेता येतो. निरोपाच्या वेळी घरच्यांनी ‘जपून जा’ असे अवश्य म्हणावे; पण त्याआधी चार दिवस त्याच्याजवळ बसून त्याचा व्हिसा कसला आहे, करारात काय लिहिले आहे आणि फराळाच्या डब्यात काय भरले आहे, हे सर्वांनी मिळून एकदा नीट वाचून व तपासून पाहावे.